नाचणी घरी रुळली त्याची वही: जून ते नोव्हेंबर २०२४

ह्या नोंदी आमच्या फ्रिजवर लटकवलेल्या वहीतून उतरवतेय. शेल्टरमधून मोठं, घाबरलेलं कुत्रं आणायचं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून. आम्ही चुकलो तिथे तसंच लिहिलंय, त्यातल्या दोन चुका तिला खूप महागात पडल्या.

नाचणी देशी, मादी, डॉक्टरांच्या अंदाजाने अडीच वर्षांची, वजन १५ किलो. रंग नाचणीच्या पिठासारखा तांबूस. कानाला नसबंदीची खाच. शेल्टरमध्ये दीड वर्ष होती, त्याआधीचं काहीच माहीत नाही. घरात मी, नवरा, दहा वर्षांचा लेक आणि सासूबाई. पुण्यात सिंहगड रोडला चौथ्या मजल्यावर फ्लॅट.

१५ जून, शनिवार
अकराला गाडीतून निघालो, वाटेत दोनदा उलटी. निघायच्या तीन-चार तास आधी तिला खायला देऊ नका असं शेल्टरला सांगायला हवं होतं. एकला घरी पोचलो आणि दारातच पहिली चूक. मी मजल्यावर सगळ्यांना सांगून ठेवलेलं, त्यामुळे सहा पोरं दारात उभी, आणि आईंनी (सासूबाईंनी) मायेनं औक्षणाचं ताट केलेलं. निरांजन डोक्याजवळ आलं, हात वर झाला, आणि नाचणी मागे सरकायला गेली तर टाइल्सवरून चारी पाय फाकले, तशीच घसरत ड्राय बाल्कनीत गेली आणि वॉशिंग मशीनच्या मागे घुसली. मी तिथे हात घालून तिला बाहेर ओढायला बघितलं. ते तर अजिबात करायचं नव्हतं. रात्री तीनपर्यंत ती तिथून हलली नाही, नंतर आम्ही झोपलोय असं बघून पाणी प्यायली, लपलप आवाज ऐकला मी अंधारात.

१६ जून
शेल्टरचा वास येत होता म्हणून दुसऱ्याच दिवशी अंघोळ घातली. चूक. घर नवीन, माणसं नवीन, आणि तिच्या ओळखीचा एकच वास उरलेला तो पण आम्ही शांपूनं घालवला. अंघोळ दोन आठवड्यांनी घातली असती तरी काही बिघडत नव्हतं.

पायाखाली घसरू नये म्हणून तीन योगा मॅट आणल्या, ३५० ला एक. मशीनपासून हॉलपर्यंत अंथरल्या. हा खर्च मात्र पहिल्या दिवशीच करायला हवा होता, रस्त्यावर किंवा शेल्टरच्या कोब्यावर राहिलेल्या कुत्र्याला गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल म्हणजे बर्फच.

१८ जून
१९ तास सू नाही. नवऱ्यानं उचलून चार मजले खाली नेलं, पेव्हर ब्लॉकवर पाऊण तास उभे, काही नाही, वर आणलं आणि हॉलच्या कोपऱ्यात केली. मी फिनाईलनं पुसलं, दुसऱ्या दिवशी बरोब्बर तिथेच. फिनाईलनं आपल्याला स्वच्छ वाटतं पण सूचा वास तिच्या नाकाला तसाच राहतो, शिवाय पंजे चाटले की ते पोटात जातं. एंझाइमवालं क्लीनर आणलं, ४८०. शिंपडून दहा मिनिटं तसंच ठेवायचं, मग टिपायचं.

पण खरा उपाय आईंनी काढला. म्हणाल्या, "अगं तिकडे माती असेल, हिला फरशीवर कसं सुचेल?" कुंड्यांसाठी आणलेली माती दोन घमेल्यांत भरून ड्राय बाल्कनीत ठेवली, हॉलमधलं टिपलेलं फडकं त्यावर एकदा दाबलं. त्याच रात्री तिथे केली.

२० जून
ही नोंद नीट वाचा.

संध्याकाळी खाली नेलं. गळ्यात साधा पट्टा, दोन बोटं आत जातील इतका सैल, म्हणजे पुस्तकी हिशोबानं बरोबर. गेटपाशी टेम्पोनं हॉर्न मारला, ती मागे झुकली, डोकं खाली घातलं आणि पट्टा माझ्या हातात रिकामा. देशी कुत्र्यांचं डोकं निमुळतं असतं, मानेएवढंच, मागे ओढ घेतली की पट्टा असाच कानांवरून निघतो. साडेतीन तास शोधलं. मी नावानं हाका मारत पळत होते, पण पाच दिवसांत तिला नाव कुठलं कळायला, आणि मागून पळणारं माणूस म्हणजे तर पकडायला आलेलं माणूस. शेवटी शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांना पार्किंगमध्ये एका गाडीखाली दिसली. त्यांनी कुणालाही जवळ जाऊ दिलं नाही, मला फोन लावला. मी दहा फुटांवर पाठ करून जमिनीवर बसले, चिकनचे तुकडे मागे टाकत राहिले, वीस-पंचवीस मिनिटांनी माझ्या कमरेला नाक लागलं. तेव्हा मी रडले.

दुसऱ्या दिवशी पोटामागूनही पट्टी जाणारा हार्नेस (१,१५०), दोन हुकांची दोरी, एक हुक हार्नेसला एक गळपट्ट्याला (६५०), आणि गळपट्ट्याला फोन नंबरचा बिल्ला. ज्या दिवशी कुत्रं आणाल त्या दिवशी गाडीत बसवायच्या आधीच हे अंगावर पाहिजे.

२२ जून
टाइल्स मोजायला सुरुवात. आमच्या टाइल्स दोन बाय दोन फुटी. मशीनपासून हॉलमध्ये आईंच्या खुर्चीपर्यंत ११ टाइल्स. ठरवलं की तिची थाळी रोज मशीनजवळ ठेवायची आणि ती सैल शेपटीनं, मान न ताणता, तीन वेळा सलग जेवली तरच एक टाइल पुढे. शेपटी पोटाखाली असेल किंवा शरीर मागे आणि मान फक्त पुढे असेल तर जिथे आहे तिथेच. ती जवळ येते का हे आम्ही आमच्या मनानं ठरवत होतो, टाइल मोजायला लागल्यावर खरं काय ते दिसायला लागलं.

जेवण: मी महागाचं कोरडं खाणं आणलेलं, तिनं तोंड लावलं नाही, दुसऱ्या दिवशी भुकेनं खाल्लं आणि जुलाब. शेल्टरमध्ये भात-चिकन होतं. परत भात-चिकन, त्यात उकडलेला लाल भोपळा दोन चमचे, मीठ मसाला काही नाही, कांदा-लसूण तर बिलकूलच नाही, ते कुत्र्यांना विषारी. नवीन खाणं आठ-दहा दिवसांत चिमूटचिमूट वाढवत नेलं.

२७ जून
टाइल ३. लेकाला एकच नियम दिला होता, तिच्याकडे बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही, जमिनीवर बसून स्वतःचं पुस्तक मोठ्यानं वाचायचं. आज तो भूगोल वाचत होता आणि ती मशीनच्या बाहेर येऊन पुढचे पाय पसरून झोपली.

६ जुलै
दुसरी मोठी चूक. मला वाटलं खूप हळू चाललंय. एक ट्रेनर बोलावला, सहा हजार आगाऊ दिले. आल्या आल्या म्हणाला हिला बॉस कोण ते कळलेलं नाही. साखळीचा फास गळ्यात, बाहेर ओढून काढली, गुरगुरली की झटका. चाळीस मिनिटांत ती गप्प झाली आणि तो म्हणाला, "बघा मॅडम, शांत झाली." मला पण तेव्हा ते खरं वाटलं. वहीत मी 'आज छान प्रगती' असं लिहिलंय, ती ओळ मी खोडलेली नाही.

९ जुलै
नवऱ्यानं तिच्यापुढची रिकामी थाळी उचलली. एरवी ती आधी गुरगुरायची आणि आम्ही थांबायचो. आज आवाजच नाही, थेट दात. मनगटावर ओरखडा, रक्त नाही. लगेच नळाखाली साबण लावून घड्याळ लावून पंधरा मिनिटं धुतलं, मग महापालिकेच्या दवाखान्यात. नाचणीचं रेबीजचं इंजेक्शन झालेलं, कार्ड दाखवलं, तरी डॉक्टरांनी लस घ्यायलाच सांगितली. ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, दोन्ही दंडांवर, फुकट. आणि दहा दिवस कुत्रीवर लक्ष ठेवा म्हणाले.

घरी येऊन आम्ही दोघं बराच वेळ गप्प बसलो. तिचं गुरगुरणं म्हणजे ती आम्हाला सांगत होती की थांबा, मला भीती वाटतेय. आम्ही पैसे देऊन ते सांगणं बंद करून घेतलं, मग तिच्याकडे दातच उरले. ट्रेनर बंद. पैसे परत मिळाले नाहीत.

टाइल ०. मशीनच्या मागे.

१० ते २० जुलै
पहिल्यापासून सुरू. एकच भर घातली, थाळीजवळून जाताना काहीही उचलायचं नाही, उलट लांबून चिकनचा तुकडा थाळीत टाकून पुढे जायचं. पाचव्या दिवशी मी येताना दिसले की ती मान वर करून शेपटीचं टोक हलवायला लागली, माणूस आलं म्हणजे काहीतरी चांगलं पडतं. अकराव्या दिवशी पहिल्यांदा परत गुरगुरली, लेक चुकून जवळून पळाला म्हणून. आम्हाला इतका आनंद झाला की काय सांगू. लेकाला सांगितलं, ती बोलली बघ, आता दोन पावलं मागे ये.

टाइल ४.

२५ जुलै
रात्रभर पाऊस, खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि जवळच्या एकतानगरीत घराघरात पाणी शिरलं. आमची बिल्डिंग उंचावर, पण दिवसभर भोंगे, गाड्या, लाइट नाही. घमेल्यातली माती होती म्हणून निभावलं.

२९ जुलै
तीन दिवस खात नव्हती, मी 'पुरामुळे घाबरलीय' असं लिहून मोकळी झाले. आज आईंनी तिचा ओठ जरा वर केला (त्यांना ती हे करू देते, ते पण कळलं) आणि हिरड्या फिक्या पांढऱ्या. डॉक्टरांकडे, रक्त तपासलं, प्लेटलेट घसरून ६८ हजार. गोचीड ताप. फी, तपासण्या धरून १,८५०. डॉक्सीसायक्लिन २८ दिवस, बाकी औषधं धरून ९२०. ही गोळी रिकाम्या पोटी दिली की उलटी होते, दोन घास आधी, दोन नंतर. आणि बरं वाटलं म्हणून मध्येच थांबवायची नाही.

भित्र्या कुत्र्याच्या बाबतीत आपण सगळं भीतीवर ढकलतो. तीन दिवस वाया घालवले मी. आता खाणं सुटलं की चोवीस तासांत डॉक्टर, आणि रोज रात्री कानाच्या आत, बोटांच्या मध्ये, शेपटीखाली गोचीड बघायचे. महिन्याची गोचिडांची गोळी सुरू केली, दोन महिन्यांचे १,४००.

१५ ऑगस्ट
टाइल ८. दोन महिने झाले. हिशोब: मॅट, क्लीनर, हार्नेस, दोरी, ट्रेनर, डॉक्टर, औषधं, गोळ्या आणि वार्षिक लसींचे १,३०० मिळून १४,८००, खाणं वेगळं. त्यातले ट्रेनरचे सहा हजार पाण्यात गेलेच, शिवाय त्यांनी दोन आठवडे पण नेले.

१६ ते २६ ऑगस्ट, लिफ्ट
नवऱ्याची कंबर धरली, १५ किलो चार मजले रोज तीनदा. आमची लिफ्ट जुनी, दार उघडं राहिलं की बाई बोलायला लागते, 'कृपया दरवाजा बंद करा'. त्या आवाजानंच ती थरथरायची. आवाज मोबाइलवर रेकॉर्ड केला, घरात अगदी बारीक लावून चिकन. इथे परत चुकले, मी आधी चिकन दाखवायचे आणि मग आवाज लावायचे, तीन दिवसांत ती चिकन बघूनच मागे सरकायला लागली. उलटं पाहिजे. आधी आवाज, एक सेकंद, मग चिकन. क्रम बदलला आणि चौथ्या दिवशी आवाज आला की ती माझ्या हाताकडे बघायला लागली.

मग दार उघडं ठेवून बाहेरून चिकन, दोन पाय आत, चार पाय आत आणि लगेच बाहेर, दार बंद-उघड, एक मजला. अकरा दिवस लागले.

त्यातच नोटीस लागली की कुत्र्यांना लिफ्टमध्ये आणू नये. भांडले नाही. अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचनांची प्रिंट, नाचणीचं लसीचं कार्ड आणि महापालिकेचा परवाना घेऊन सेक्रेटरींना भेटले. सोसायटीला पाळीव प्राण्यांची लिफ्ट बंद करता येत नाही असं त्यात आहे. कोणी आधीच लिफ्टमध्ये असेल तर आम्ही पुढच्या फेरीला थांबू असं आपणहून सांगितलं. त्यांनी नोटीस काढून टाकली.

२८ ऑगस्ट
नदीपात्रात ढोल पथकांचा सराव कधीचा सुरू आहे, संध्याकाळी वारा आमच्याकडे असला की खिडक्या थरथरतात. लिफ्टचा धडा वापरला, ढोलाचं रेकॉर्डिंग बारीक आवाजात, आवाज आधी, चिकन नंतर, रोज पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. तिनं खाणं थांबवलं की आवाज जास्त झालाय असं समजायचं.

३ सप्टेंबर
टाइल ११. आई खुर्चीत भेंडी चिरत होत्या. नाचणी आली, त्यांच्या पावलांचा वास घेतला, डावी जोडवी हुंगली, आणि तिथेच गोल फिरून बसली, पाठ आईंकडे. आई काही बोलल्या नाहीत, हात पण लावला नाही, फक्त सुरी थांबली. पाच मिनिटांनी मला खुणेनं विचारलं, चिरू का पुढे? १५ जूनला हीच पाठ त्या हाताकडे करायला ती तयार नव्हती.

७ सप्टेंबर
गणपती बसले. आई स्वतःहून म्हणाल्या, "यंदा झांजा नकोत, टाळ्यांवर करू." घंटा पण नाही. आरती झाली, नाचणी मशीनजवळ गेली पण मागे नाही, शेजारी. निरांजनाचं ताट तिच्या बाजूनं न्यायचं नाही हे लेकानंच सगळ्या पाहुण्यांना दारात सांगितलं.

१७ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी
दुपारी लवकर फिरवून आणलं. बाथरूममध्ये गादी, पंखा, एक्झॉस्ट चालू, नवरा आत मांडी घालून बसलेला. थरथरली, पण रात्री अकराला दोन तुकडे खाल्ले.

९ ऑक्टोबर
बहिणीनं साताऱ्यात सात आठवड्यांचं पिल्लू आणलंय, रोज फोन, हात चावतं, घरभर सू करतं. पिल्लाचं गणित वेगळं आहे, म्हणून इथे लिहून ठेवते. आमच्याकडे वेळ कितीही घेतली तरी चालत होतं, तिच्याकडे वेळच कमी आहे. साधारण चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लू जे बघेल ते त्याला आयुष्यभर नॉर्मल वाटतं. पण लसी पूर्ण नाहीत आणि पार्व्होचा (पिल्लांना होणारा जीवघेणा रोग) विषाणू मातीत महिनोन्महिने जगतो, त्यामुळे खाली सोडायचं नाही, कडेवर घेऊन रिक्षा, छत्री, दाढीवाले काका, भाजीवाल्याची हाक सगळं दाखवायचं. सू साठी उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर आणि मध्ये दर दीड-दोन तासांनी जागेवर न्यायचं, चुकीच्या जागी केली तर त्यात नाक दाबायचं नाही, ओरडायचं नाही, ओरडलं की ते सोफ्यामागे जाऊन करायला शिकतं एवढंच. चावलं की हात झटकायचा नाही, खेळ थांबवून उठून जायचं अर्धं मिनिट. आणि घरातल्या सगळ्यांनी तेच करायचं. तिच्याकडे दाजी हात चावू देतात आणि ती रागावते, मग पिल्लानं काय समजायचं?

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
ढोल जमला म्हणून फटाके जमतील असं नाही. ढोलाला ठेका असतो, फटाका कधी वाजेल सांगता येत नाही. तयारी: साडेचारला फिरवून आणणं, सहानंतर खाली नाहीच, बाल्कनीची दारं लावून पडदे, हार्नेस आणि गळपट्टा दोन्ही घरातसुद्धा अंगावर. डॉक्टरांनी भीतीची गोळी दिली होती, ती आठ दिवस आधी एका शांत संध्याकाळी देऊन बघितली, आयत्या वेळी पहिल्यांदा देऊ नका.

साडेआठला मोठी माळ लागली. ती उठली, मशीनकडे बघितलं, आणि वळून आईंच्या खुर्चीखाली गेली. आई रात्री साडेबारापर्यंत त्या खुर्चीतून उठल्या नाहीत, जेवण तिथेच दिलं.

२० नोव्हेंबर
घमेली काढली, आता तीनही वेळा खाली मोकळ्या प्लॉटवर जाते. नावानं हाक मारली की येते, "थांब" कळतं, थाळी उचलू देते, लेकाच्या भूगोलाला अजून झोपते.

राहिलंय ते खराट्याचं. सकाळी कंपाउंड झाडणाऱ्या मावशींनी खराटा उचलला की ती जमिनीला चिकटते आणि डोळे मिटून घेते, घरात केरसुणी आडवी धरली तरी तेच. मारलं असणार कुणीतरी. मावशींशी बोलले आज, त्या म्हणाल्या, "मी खराटा टेकवून बसते पाच मिनिटं, तू आण तिला." आज अंतर साधारण वीस फूट, त्या अंतरावरून चिकन खाल्लं. उद्या परत वीसच.